सव्वीस आटे

भटवाडीच्या चढावरची चावी सव्वीस आट्यांत बंद होते.
पंचविसाव्याला अडते,
तिथं खांदा द्यावा लागतो.
हे महापालिकेच्या नकाशात नाही,
माझ्या उजव्या खांद्यात आहे.
एकतीस वर्षं चावीवाला.

रेबेलो डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं:
"हे तुमचं लिव्हर, धुरी. आणि ही गाठ."
साडेचार सेंटिमीटर. लिंबाएवढी.
"काळीज म्हणतात ते खरं तर हेच."
सुलभा म्हणाली, "मग इतकी वर्षं
आपण भलत्याच जागी हात ठेवून शपथा घेतल्या."

कापणार नाही, म्हणाल्या. जांघेतून बारीक नळी घालू,
पोटातल्या मेन लायनीतून वर,
काळजाच्या फाट्यावर वळू,
गाठीला रक्त देणारी फांदी शोधू
आणि औषध भरून तीच बुजवू.
"आणि बाकीचं लिव्हर? ते तहानेनं नाही मरणार?"
तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
"त्याला दोन लायनी असतात. ही चोरटी एकीवरच जगते."
मग मला समजवायचं काही उरलं नाही.

टेबल गार. शिशाचे झगे घातलेली माणसं.
श्वास घ्या. सोडा. धरा.
पोटात ऊन पाणी फिरल्यासारखं झालं
आणि पडद्यावर एक झाड उगवलं, काळं, बिनपानाचं,
एका फांदीच्या टोकाला शाईचा डाग.
झाड कसलं. मी ओळखलं.
मेनला भोक, भोकाला अर्धा इंची पाइप,
पाइपाला रबरी नळी, नळीला नळी,
गटारातून, भिंतीखालून,
जिथं कागदावर कुणी राहतच नाही तिथपर्यंत.

तशी दोनशे तरी तोडलीत मी, पोलीस बंदोबस्तात.
एकदा हातोडा उचलला
तर एक पोरसवदा बाई रिकामी कळशी घेऊन समोर.
रडली नाही, भांडली नाही.
"किती वाजता तोडणार? तेवढ्यात एक भरून घेते."
मी तंबाखू मळत बसलो, कळशी भरेपर्यंत.
मुकादमाला सांगितलं, दांडा सैल झालाय.

नेमकी तीच इथं का आठवावी?
हा डाग म्हणजे कुणी बाई नाही. याला पोरं नाहीत.
पितो तो नुसता वाढायला.
तोडा, मी मनात म्हटलं,
कळशीसाठी थांबू नका.

बाई थेंब थेंब सोडत होत्या.
फांदी टोकाकडून मिटत आली.
मी आटे मोजत होतो, सवयीनं.
"अजून थोडं वाहतंय," कुणीतरी बोललं.
"पंचविसावा," मी म्हणालो.
"काय म्हणालात?"
"इथं अडतं. खांदा द्या."

रात्री पाय सरळ ठेवून पडलो. ताप आला,
येतो, असं आधीच सांगितलं होतं.
उजव्या बरगडीखाली कुणी मूठ दाबून बसलेलं.
महिन्यानं पुन्हा फोटो. कडेला काही जिवंत असेल
तर पुन्हा नळी, पुन्हा टेबल.
असेल, मला वाटतं.
तोडलेली लाइन पंधरा दिवसांत
दुसरीकडून फुटते, हे मी पाहिलंय.
सुलभाला बोललो नाही. ती स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती,
हात माझ्या बरगडीवर,
या वेळी बरोबर जागी.

पहाटे साडेचारला वॉर्डातला नळ खोकला.
आधी हवा, मग गंजाचं पाणी, मग नितळ.
भटवाडीतही आत्ताच सुटलं असणार.
माझ्या जागी आता गुरवांचा विशाल आहे.
नवा, घाईचा.
चोवीस आटे फिरवून बंद झाली म्हणेल
आणि खालच्या आळीला दिवसभर गळती.

"सुलभा, फोन दे."
"आत्ता? कुणाला?"
"सहाला बंद करेल तो. त्याच्या आधी
सांगायचं राहिलंय."